अंगणातली पद्मिनी: कमी पैशांत जुनी गाडी घरीच कशी उभी करावी

अर्धवट राहिलेली जुनी गाडी लांबूनच ओळखू येते. इंजिन कोपऱ्यात गोणपाटाखाली, दारं माळ्यावर, काचा शेजाऱ्यांच्या गोठ्यात आणि सांगाडा विटांवर. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात अशा कितीतरी गाड्या मी पाहिल्या. बहुतेकांची गोष्ट सारखीच निघते: हौसेनं पहिल्या महिन्यात सगळं खोललं, तिसऱ्या महिन्यात पैसे संपले, आणि वर्षाने कुठला बोल्ट कुठला हेच आठवेना.

माझी 1984 ची प्रीमियर पद्मिनी चार वर्षांत, दर महिन्याच्या पगारातून बाजूला काढलेल्या पैशांत, घराच्या अंगणात उभी राहिली. ती उभी राहिली याचं श्रेय मी एकाच नियमाला देतो. एका वेळी एकच व्यवस्था खोलायची, ती पूर्ण करायची, मगच पुढचीला हात लावायचा. गाडी रोज संध्याकाळी चाकांवर उभी असली पाहिजे, ढकलली तर हलली पाहिजे. खालचं सगळं याच नियमाने लिहिलंय.

पद्मिनीच का

1953 साली इटलीत आलेल्या फियाट 1100 ची ही नात. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनवली. 1964 पासून फियाट 1100 डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). कुठेही संगणक नाही, सेन्सर नाही. बिघाड डोळ्यांना दिसतो, कानाला ऐकू येतो, आणि साध्या पान्यांनी दुरुस्त होतो. शिवाय मुंबईत ती अनेक दशकं काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली, पण तिचे सुटे भाग आणि तिच्यावर हात बसलेले मिस्त्री अजून आहेत. कमी पैशांत काम करणाऱ्याला याहून मोठा आधार नाही. जी गाडी तुमच्या भागात टॅक्सी म्हणून भरपूर चालली, तीच निवडा. मग ती अ‍ॅम्बॅसेडर का असेना.

घेण्याआधी: कागद आणि पत्रा

इंजिन बंद आहे म्हणून घाबरू नका. इंजिन दुरुस्त होतं, आणि त्याचा खर्च आधी विचारून ठरवता येतो. सडलेल्या पत्र्याचा खर्च मात्र कापायला घेतल्याशिवाय कळत नाही.

जाताना एक जुना स्क्रू-ड्रायव्हर, पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि टॉर्च न्या. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणून दारांखालचे फूटबोर्ड, मागच्या पाट्यांच्या टोकांना धरणाऱ्या जागा, जॅक लावायच्या जागा आणि पायाखालचा पत्रा आधी बघा. मॅट उचला. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबल्यावर आत गेलं तर तिथे पत्रा उरलेला नाही, फक्त रंग आहे. चुंबक चिकटत नसेल तर खाली पुट्टी भरली आहे. मडगार्डचा मागचा खालचा कोपरा, दारांच्या खालच्या कडा आणि डिकीत स्टेपनीखालची जागा सडलेली असणारच, ती परवडते. पण पाट्यांच्या टोकांशी पत्रा भुसभुशीत झाला असेल आणि दार उघडल्यावर वर उचलून लावावं लागत असेल, तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

कागदांत आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी, वरचा थर खरवडून, स्वतः जुळवा. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म 28 वर एनओसी लागते. कर्जाची नोंद राहून गेली असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. जुना मालक वारला असेल आणि वारसांच्या नावावर काहीच झालं नसेल तर आधी त्यांना ते करू द्या, पैसे नंतर मोजा. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढे दर 5 वर्षांनी फॉर्म 25 भरून, गाडी दाखवून नूतनीकरण होतं. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांपेक्षा जुन्या मोटारीला त्याची फी 10,000 रुपये झाली. महाराष्ट्रात पर्यावरण कर आणि नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट वेगळी. हे आकडे पहिल्या दिवशी वहीत लिहा, कारण गाडी तयार झाल्यावर नेमके हेच पैसे शिल्लक नसतात.

50 वर्षं उलटलेल्या गाडीला 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर घेता येतो. पहिली फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण मग ती रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. माझी अजून 50 वर्षांची झालेली नाही, आणि मला भाजी आणायला गाडी हवी होती, म्हणून माझ्या दृष्टीने तो रस्ता नव्हताच.

जागा, हत्यारं आणि ऋतू

गाडीखाली जायला खड्डा लागत नाही. पत्र्याचं छप्पर आणि तीन बाजूंनी फिरता येईल एवढी सपाट फरशी पुरते. पैसे खर्च करायचेच असतील तर चार मजबूत घोड्यांवर, म्हणजे उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर, करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका, विटांवर तर कधीच नाही. वीट आवाज न करता फुटते. रिंग पाने, फिक्स पाने, गोटी पान्याचा एक सेट, टॉर्क पाना, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज आणि एबीसी पावडरचं अग्निशामक. टॉर्क पाना आणि गेज मी ओळखीच्या गॅरेजमधून मागून आणायचो.

ऋतू फार महत्त्वाचा. आपल्याकडे पावसाळ्यात उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. जून ते सप्टेंबर इंजिन, ब्रेक, वायरिंग अशी छपराखालची कामं करा. पत्रा आणि रंग दिवाळी ते होळी. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी हे अगदी काटेकोरपणे पाळावं.

खोलण्याआधी फोटो, खोलताना फोटो, खोलल्यावर फोटो. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट धुतलेल्या दुधाच्या पिशवीत, आत चिठ्ठी. शक्य असेल तिथे बोल्ट काढल्या जागीच दोन आटे परत फिरवून ठेवा. अडकलेल्या बोल्टवर डिझेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी डोक्यावर हातोडीचे चार हलके ठोके द्या, आणि सोडवायच्या आधी कणभर आवळायचा प्रयत्न करा. त्या कणभर हालचालीने गंजाची पकड सुटते.

आधी थांबायचं

आमच्या गल्लीत आयुष्यभर टॅक्सी दुरुस्त केलेले एक मिस्त्री मामा आहेत. गाडी आली त्या दिवशी मी बॅटरी जोडायला निघालो होतो. ते म्हणाले, "पोरा, चालू करायची घाई कशाला? चालू झाली तर थांबवशील कशानं?" त्या दिवसापासून पहिला पैसा ब्रेकला गेला.

पुढची चाकं आधी, मग मागची, आणि एका वेळी एकच चाक. दुसऱ्या बाजूचं जोडलेलं चाक म्हणजे तुमचं चित्र. अ‍ॅडजस्टर सैल करून, ड्रम निघेपर्यंत त्याच्या कडेवर लाकडी ठोकळा धरून गोलाकार ठोकत राहा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. त्यामुळे आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं बांधून टाकून द्या.

माझ्या मागच्या डाव्या चाकाचा ड्रम निघायला तीन संध्याकाळी गेल्या. आत व्हील सिलिंडरवरची रबरी टोपी बोटाने सोलली, तर ब्रेक ऑइलऐवजी चिंचेच्या कोळासारखं काहीतरी बाहेर आलं. एक पिस्टन बाजूला सरकला, दुसरा जागीच गंजून बसलेला. सिलिंडर स्वच्छ करून उन्हात धरला तेव्हा भिंतीवर मोहरीच्या दाण्याएवढे दोन खड्डे दिसले. असा खड्डा असेल तर नुसतं रबर किट बदलून भागत नाही. नवं रबर त्या खड्ड्यावरून रोज घासतं आणि महिन्याभरात ऑइल गळायला लागतं. सिलिंडर नवा घ्या. भिंत आरशासारखी असेल तरच किट टाका. मास्टर सिलिंडरला हाच न्याय. रबरी होज तिन्ही बदला आणि लोखंडी नळ्या नखाने खरवडून बघा. खवले निघाले तर नळी नवी.

जुन्या पद्मिनीत सगळ्या चाकांना मिळून एकच ब्रेक लाइन आहे. कुठेही एक थेंब गळला तर चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून इथे 'चालतंय की' चालत नाही. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. ऑइल सीलबंद बाटलीतलंच वापरा, कारण उघडी बाटली हवेतलं पाणी ओढते. आणि ते रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलवटून निघतो.

इंजिन जागं करणं

वर्षानुवर्षं बंद इंजिनला सेल्फ मारणं म्हणजे गंजलेल्या पिस्टन रिंगांनी बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, खरवडणं. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस हात लावू नका. मग पुढच्या पुलीच्या नटाला गोटी पाना लावून हाताने हळू फिरवा. अडलं तर जोर नको. पुन्हा ऑइल, पुन्हा दोन दिवस. माझं इंजिन पाचव्या दिवशी सुटलं.

फिरायला लागलं की जुनं ऑइल काढून नवं भरा. काढलेलं ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय, तो आधी बदला. आता प्लग काढलेलेच ठेवून, कॉइलची वायर सोडवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, गेजने मोजा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असतील, साधारण दहा टक्क्यांच्या आत, तर इंजिन खोलू नका. आकडा थोडा कमी असला तरी गाडी शंभर-दोनशे किलोमीटर चालल्यावर रिंगा मोकळ्या होऊन तो बऱ्याचदा वर येतो. एखादा आकडा फारच खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. वाढला तर रिंग-बोअरचं काम, नाही वाढला तर वॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. या एका चाचणीने माझं पूर्ण इंजिनकाम वाचलं. फक्त वॉल्व्ह ग्राइंडिंगवर भागलं.

हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि ब्लॉक बिडाचा. एकदा गाडी तापली की हेड वाकतं. म्हणून उघडलंच आहे तर लेथवाल्याकडून फेसिंग, म्हणजे हेडची सपाटी, तपासून घ्या आणि नट मधून बाहेर अशा क्रमाने, टॉर्क पान्याने, तीन टप्प्यांत आवळा. कोल्हापुरात उद्यमनगरात अशा कामाला माणसं शोधावी लागत नाहीत, पण काम देताना माप कागदावर लिहून घ्यायचं. रेडिएटर काढून उलट्या दिशेने पाणी सोडा, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत. होज पाइप सगळे नवे.

पेट्रोलची टाकी उतरवून रिकामी करा, उन्हात वाळवा. जुन्या पेट्रोलचा राळेसारखा थर कार्बोरेटरची जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रं, बंद करतो. कार्बोरेटर पूर्ण खोला, जेटांत तार घालू नका. हवेने आणि क्लीनरने साफ करा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते मऊ करून टाकतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या आणि मध्ये पारदर्शक फिल्टर बसवा. गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवू नका, महिन्यातून दोनदा चालवा.

ठिणगीसाठी पॉइंट, कंडेन्सर, प्लग आणि वायरी नव्या. हा सगळा संच मिळूनही स्वस्त आहे. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2. पहिल्यांदा चालू करताना गाडी मोकळ्या जागेत, अग्निशामक हाताशी आणि दुसरा माणूस जवळ. क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर प्लेट चिकटली असणार. इंजिन बंद ठेवून, चौथा गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबून गाडी मागे-पुढे ढकला. बहुतेक वेळा सुटते.

वायरिंग

निम्म्या बिघाडांचं मूळ अर्थिंगमध्ये असतं. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणाऱ्या जाड पट्ट्या सोडवा, खालची जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, आवळा, वरून ग्रीस लावा. दिवे एवढ्यानेच उजळतात. कडक झालेली, तडकलेली वायर दिसली तर तेवढा तुकडा न जोडता ती पूर्ण लांबीची बदला, त्याच जाडीची. हेडलाइटना रिले लावून घ्या, म्हणजे जुन्या स्विचवरचा भार जातो.

पत्रा: पैसे इथेच जातात

माझ्या वहीत एकूण शंभर रुपयांपैकी चाळीस पत्रा आणि रंगाला, वीस ब्रेक, टायर आणि पुढच्या किंगपिनला, पंधरा इंजिनला गेले. उरलेले वायरिंग, गाद्या आणि कागदांना. म्हणून वाचवायचं तेही इथेच, आणि ते स्वतःच्या हातांनी.

वेल्डिंग मी केलं नाही. पातळ पत्र्याचं वेल्डिंग वर्षांच्या सरावाचं काम आहे. पण डेंटरचा, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराचा, बराचसा वेळ रंग खरवडण्यात, गंज शोधण्यात आणि भाग काढण्या-लावण्यात जातो, आणि ते सगळं आपण करू शकतो. रंग उतरवा, गंजाच्या कडेपासून दोन बोटं पुढे चांगला पत्रा लागेपर्यंत घासा, पुठ्ठ्याचा साचा कापा, त्यावरून 20 गेजच्या, म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा तुकडा वाकवून तयार ठेवा. मग डेंटरला एका दिवसासाठी बोलवा आणि सीओटू वेल्डिंगच करायला सांगा, छोट्या-छोट्या टाक्यांनी, जागा बदलत. जुन्या पद्धतीच्या गॅस वेल्डिंगने पत्रा तापून लाटा उठतात आणि मग त्यावर पुट्टीचे थर चढतात. त्या दिवशी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी दोन्ही गाडीबाहेर, लांब. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते.

फूटबोर्ड कापायचा असेल तर एका वेळी एकच बाजू, गाडी चाकांवर उभी, दारं लावलेली. घोड्यांवर अधांतरी ठेवून दोन्ही बाजू कापल्या तर बॉडी मधे झुकते आणि दारं पुन्हा कधीच बसत नाहीत. एका गॅरेजमध्ये दिलेल्या माझ्या मित्राच्या गाडीचं नेमकं हेच झालं. डावीकडची दारं आजही वर उचलून लावावी लागतात.

सडलेल्या पत्र्यावर फायबर आणि पुट्टी मारून देणारे भरपूर भेटतील. एक पावसाळा ते टिकतं. दुसऱ्या पावसाळ्यात फोड येतात आणि आत भोक दुप्पट झालेलं असतं. वेल्डिंगचे सांधे घासा, गंजाच्या खुणांवर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावा, डब्यावर सांगितल्याप्रमाणे धुऊन किंवा वाळवून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. साधा प्रायमर पाणी पितो, इपॉक्सी अडवतो. जास्तीचे पैसे इथे जरूर द्या. पुट्टी फक्त समपातळीसाठी, दोन-तीन मिलिमीटरपर्यंत. दारांच्या तळाची पाणी जायची छिद्रं तारेने मोकळी करा, आणि फूटबोर्डच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज अडवणारं मेण, फवारा. बाहेरून न दिसणाऱ्या या फवाऱ्यावर गाडीचं पुढचं आयुष्य ठरतं.

रंगाची सगळी घासाई घरी: 80 नंबरपासून 180, 320, आणि शेवटी 600-800 चा वॉटर पेपर, साबणाच्या पाण्यात, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांचे चर उन्हात दिसतात. शेवटचा रंग मात्र पेंटरकडून मारून घ्या. आजच्या टू-के, म्हणजे हार्डनर मिसळायच्या, रंगांत आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं, त्याला धुळीचा मास्क कामाचा नाही, आणि घराच्या अंगणात मुलं खेळत असतात. मूळ रंगच ठेवा. रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते. माझी मूळची फिकट पिस्ता होती, हा रंग डिकीच्या बिजागरीखाली अजून ताजा सापडला, तिथूनच पेंटरने जुळवला.

सुटे भाग

मुंबईत ऑपेरा हाउसचा सुट्या भागांचा बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. जाताना जुना भाग पिशवीत घेऊन जा; मॉडेलचं वर्ष सांगून मिळालेला भाग निम्म्या वेळा चुकतो. हँडल, आरसे, बिल्ले, काचा जुन्या चालतात. ब्रेकचा, स्टिअरिंगचा आणि रबराचा कोणताही भाग मात्र नवाच घ्या. टायर 5.20-14 मापाचे लागतात. नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांचा टायर रस्त्यावर नेऊ नका.

गाद्यांच्या स्प्रिंगा बहुतेक वेळा शाबूत असतात, काथ्या तेवढा चुरा झालेला असतो. गाद्या स्वतः काढून कुशनवाल्याकडे पोचवल्या आणि जुनी खोळ उसवून मापाला दिली की मजुरी बरीच कमी होते.

पहिली फेरी

पहिले काही दिवस गल्लीतच. पहिल्या गिअरमध्ये दहा पावलं, ब्रेक, उतरून चारही चाकांच्या आत बघा, ओलं आहे का. नंतर चौकापर्यंत. ड्रमला हात लावून बघा. एकच चाक तापलं असेल तर त्याचा ब्रेक धरून बसतोय. शंभर किलोमीटरनंतर चाकांचे, पाट्यांचे, स्टिअरिंगचे नट पुन्हा आवळा, ऑइल बदला, पॉइंटचं अंतर बघा. मग फॉर्म 25 घेऊन आरटीओत. तपासणीच्या दिवशी हॉर्न, वायपर, सगळे दिवे, हँडब्रेक आणि सायलेन्सर सकाळी घरी एकदा पाहून निघा.

माझी गाडी तपासणीहून परत आली तेव्हा मिस्त्री मामा दारात उभे होते. त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं नाही. खाली वाकून मागच्या डाव्या चाकाच्या आत हात घातला, बोटं कोरडी आहेत हे बघितलं, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.